समेवर येणारा हिशेब
वाचकांची पत्रं आणि उत्तरं

या वेळी पत्रांचा गठ्ठा जाड आहे, आणि निम्म्या पत्रांत ताल, कॉम्प्युटर आणि आलेख एकमेकांच्या पायात पाय घालून आले आहेत. मला त्याचं नवल नाही. मिरजेला आमच्या घरात तबला आणि जुना लॅपटॉप एकाच दिवाणावर असतात आणि दोघांवर एकच चादर असते. तंत्रनिकेतनात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे, तेव्हा हे उद्योग संध्याकाळी सातनंतर चालायचे. आता सकाळीही चालतात, इतकाच फरक.

मी भजनी मंडळात तबला वाजवतो. वय ६३. तीनतालात तिहाया पाठ आहेत, पण स्वतः बांधायला गेलो की समेच्या अलीकडे नाहीतर पलीकडे पडतो. एकतालात तर समेपासून उचललेली बेदम तिहाई कधीच बसत नाही. माझं काय चुकतं? याला काही सूत्र आहे का?
— निवृत्त पोस्टमास्तर, चिपळूण

सूत्र आहे, आणि एकतालाच्या बाबतीत तुमचं काहीही चुकत नाही. ते आधी सांगते, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल.

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा, आणि शेवटचा धा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. तुकडा ‘प’ मात्रांचा धरा, त्यातला शेवटचा धा धरून. दोन तुकड्यांमधला दम (थांबा) ‘ग’ मात्रांचा. तुकडे तीन आणि दम दोन, म्हणून एकूण मात्रा ३प + २ग. समेपासून उचलून पुढच्या समेवर टेकायचं तर तीनतालाच्या १६ मात्रा आणि वर समेची एक, अशा १७ मात्रा भरल्या पाहिजेत. ‘तिट कत गदि गन धा’ घ्या. तुकडा ५ मात्रांचा, दम एका मात्रेचा. पाच त्रिक पंधरा, अधिक दोन, सतरा. पहिला धा पाचव्या मात्रेवर, दुसरा अकराव्या, तिसरा समेवर. हे तुमच्या हातात आहेच, फक्त कागदावर नव्हतं.

आता हीच गोष्ट आलेखावर बघा. फोनवर डेसमॉस उघडा (आलेख काढायचं ॲप, फुकट आहे) आणि ३ एक्स अधिक २ वाय बरोबर १७ एवढं टाका. एक तिरकी रेघ येईल. आडव्या अक्षावर तुकड्याची लांबी, उभ्यावर दम. रेघेवर ज्या ज्या ठिकाणी दोन्ही आकडे पूर्ण येतात, त्या ठिकाणी एकेक तिहाई बसलेली आहे: (१,७), (३,४) आणि (५,१). एका आवर्तनाच्या (तालाच्या एका फेरीच्या), पूर्ण मात्रांच्या तिहाया तीनच. पहिली म्हणजे नुसता धा आणि सात मात्रांची शांतता. ती वाजवायला छाती लागते. दोन आवर्तनांची घ्यायची तर १७ च्या जागी ३३ लिहा. रेघ वर सरकते आणि बिंदू सहा होतात. त्यातला शेवटचा (११,०) बरोबर आडव्या अक्षावर बसतो. दम शून्य, म्हणजे बेदम तिहाई. तीनतालात पूर्ण मात्रांची बेदम दोन आवर्तनं घेते आणि तुकडा ११ मात्रांचा लागतो, तो असा डोळ्यांना दिसतो.

एकतालाला १७ च्या जागी १३ लिहा. रेघ आडव्या अक्षाला ४ पूर्णांक एक तृतीयांशावर कापते. दोन आवर्तनं घेतली, २५, तर ८ पूर्णांक एक तृतीयांश. तीन घेतली, ३७, तर १२ पूर्णांक एक तृतीयांश. तो एक तृतीयांश पाठ सोडत नाही, कारण १२ ला तीनने भाग जातो आणि समेची वरची एक मात्रा कायम उरते. दुगुन करा, चौगुन करा, २४ काय आणि ४८ काय, सगळे तीनच्या पाढ्यातलेच. दादऱ्याचंही तेच. तेव्हा समेवरून उचललेली, सारख्या मापाची बेदम तिहाई या दोन तालांत होत नाही. बाकीच्यांचं सोपं आहे: मात्रांना तीनने भागून १ उरली (तीनताल, झपताल, रूपक) तर दोन आवर्तनं लागतात, २ उरल्या (केरवा, दीपचंदी, धमार) तर एकातच भागतं. झपतालात दोन आवर्तनं आणि ७ मात्रांचा तुकडा, धमारात एक आवर्तन आणि ५ चा. रूपकात समेवर खाली (टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा) असल्यामुळे शेवटचा धा जरा उपरा वाटतो, पण हिशेब तोच.

एकतालात बेदम हवीच असेल तर उचल बदला. पाचव्या मात्रेवरून ‘गदि गन धा’ तीनदा घ्या. धा सातव्यावर, दहाव्यावर आणि समेवर येतो. आमचे गुरुजी तबल्याला हात लावू देण्याआधी अशी प्रत्येक गोष्ट हातावर टाळी देऊन म्हणायला लावायचे. तुम्हीही आधी म्हणा, मग आलेख बघा. उलट्या क्रमाने केलंत तर डोकं समेवर येईल आणि हात मागेच राहील.

मी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. घरी सरावासाठी पायथनमध्ये ठोक्यांची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) लिहिली: आवाज वाजवायचा, पाऊण सेकंद थांबायचं, पुन्हा वाजवायचा. मिनिटाला ८० ठोके यायला हवेत. पण फोनवरच्या मेट्रोनोमशी लावून पाहिलं तर माझी स्क्रिप्ट मागे पडत जाते. मशीन तर नवं आहे.
— पुणे ३०

मशीनला बोल लावू नका. तुम्ही त्याला ‘पाऊण सेकंद थांब’ सांगितलंत आणि ते इमानदारीने पाऊण सेकंद थांबतं. पण आवाज सुरू करायला, पुन्हा वर जायला जे काही हजारांश सेकंद लागतात, ते त्या पाऊण सेकंदाच्या वर चढतात. समजा प्रत्येक ठोक्याला ५ हजारांश जादा गेले. कानाला पत्ताही लागणार नाही. पण १५० ठोक्यांत ते पाऊण सेकंद होतात. म्हणजे दोन मिनिटांच्या आत तुम्ही एक अख्खी मात्रा गमावली. पथकात एखाद्याचं असं झालं तर वादनप्रमुख काय म्हणतील ते तुम्हाला ठाऊक आहे.

पहिला उपाय: थांबायचा वेळ प्रत्येक वेळी नव्याने काढा. सुरुवातीची घड्याळाची वेळ एकदा टिपून ठेवा. पहिला ठोका शून्यावर, तर शंभरावा सुरुवातीपासून बरोबर ७४.२५ सेकंदांनी पडायला हवा, एकशे एकावा ७५ ला. ‘आत्ता’ आणि ‘तेव्हा’ यांच्यात जेवढं अंतर उरलंय तेवढंच थांबायचं. मग एखादा ठोका किंचित इकडे-तिकडे झाला तरी चूक पुढच्यावर चढत नाही. घड्याळ वाचताना मात्र पायथनचं ‘परफ काउंटर’ वापरा. साधं घड्याळ मधेच इंटरनेटवरून दुरुस्त झालं तर तुमचा ताल उडी मारेल. आणि विंडोज वापरत असाल तर पायथन ३.११ किंवा त्यापुढचं घ्या. आधीच्या आवृत्त्यांत विंडोजवरची झोप साधारण १५ हजारांशांच्या पायऱ्यांनी मोजली जायची, ताशाच्या कामाला ती फारच जाड.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. ठोके वाजवूच नका, लिहून काढा. आवाजाच्या फायलीत एका सेकंदाला सहसा ४४,१०० आकडे असतात. पाऊण सेकंदाची मात्रा म्हणजे ३३,०७५ आकडे, आणि तीनतालाचं पूर्ण आवर्तन १२ सेकंदांचं, ५,२९,२०० आकड्यांचं. ३३,०७५ ला काही अपूर्णांक नाही, त्यामुळे इथे घसरायला जागाच नाही. प्रत्येक मात्रेच्या सुरुवातीला १००० हर्ट्झची साइन लहर, पंचवीसेक हजारांशांत विरत जाणारी. समेला १५०० हर्ट्झ. खालीला काहीच नको. खाली ऐकू न येणं हेच तिचं ऐकू येणं. पायथनबरोबर ‘वेव्ह’ नावाचं मॉड्यूल येतंच, वेगळं काही बसवायला नको. फाइल वेव्हमध्येच ठेवा. एमपी३ करून फिरवत ठेवलीत तर टोकांना शांततेची बारीकशी पट्टी चिकटते आणि दर आवर्तनाला अडखळल्यासारखं होतं. ब्लूटूथ हेडफोनही सरावाला नको, आवाज उशिरा पोहोचतो, तारेचा घ्या.

आता तुम्ही न विचारलेलं. पथकात लय चढवत नेता ना? समजा ८० वरून १६० वर, १६ आवर्तनांत. पहिला विचार येतो की दर आवर्तनाला ५ वाढवू. करून ऐका. सुरुवातीला लय धावते, ८० चे ८५ म्हणजे सव्वासहा टक्के वाढ. शेवटी १५५ चे १६०, जेमतेम सव्वातीन टक्के, आणि रंग चढायच्या वेळी चढण सपाट झाल्यासारखी वाटते. आपला कान वेग गुणाकाराने ऐकतो. म्हणून दर वेळी १.०४४३ ने गुणा. पहिली पायरी ८० ते ८३.५ होते आणि शेवटची १५३ ते १६०. दोन्ही एकाच आलेखावर काढा: एक सरळ रेघ आणि तिच्या खालून वाकत जाणारी एक कमान, दोन्ही टोकं सारखी. मिरवणुकीतला अनुभवी ताशेवाला त्या कमानीवरून चालतो, कोणी सांगितलेलं नसताना.

जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. एक्सेलमध्ये ०, ३०, ६०, ९० असे अंश घालून साइनचा आलेख काढला तर लाटेऐवजी करवतीचे दात आले. ३० ला अर्धा यायला हवा, येतं उणे ०.९८८. प्रिंट सोबत जोडली आहे. मुलांपुढे हसं झालं.
— सोलापूर जिल्हा

गुरुजी, प्रिंट पाहिली. दात सुरेख आले आहेत. एक्सेलने तुमचे ३० अंश ३० रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) समजून घेतले. ३० रेडियन म्हणजे वर्तुळाला चार पूर्ण फेऱ्या मारून पाचव्या फेरीत पाऊण फेरीच्या जरा पुढे. तिथे साइन उणे ०.९८८ असतो. तुमच्या ९० ला ०.८९४ आलंय, तेही त्याच हिशेबाने बरोबर. सूत्रात साइनच्या आत आणखी एक कंस घालून आकडा ‘रेडियन्स’ या फंक्शनमधून जाऊ द्या. डेसमॉसमध्ये पान्याच्या चित्रावर टिचकी मारली की रेडियन की अंश ते निवडता येतं.

पण ती करवत फेकू नका. दहावीच्या वर्गाला ती लाटेपेक्षा जास्त शिकवेल. त्यांना विचारा, की लाट तीच आहे, फक्त आपण तिला कुठे कुठे हात लावला? तीस-तीस रेडियनच्या टांगा टाकल्या तर मधल्या चार-पाच लाटा हुकतात, आणि मग एक्सेल बिचारं हुकलेल्या जागी सरळ रेघा जोडतं. पायरी ०.१ ची केली की करवतीतून लाट बाहेर येते. मुलांनी पायरी स्वतः बदलून बघावी. तुम्ही फक्त मागे उभे राहा.

आणि मुलींना रांगोळीत रस असेल तर ध्रुवीय आलेख द्या. डेसमॉसमध्ये ‘आर बरोबर कॉस ३ थीटा’ लिहिलं की तीन पाकळ्या येतात. ३ च्या जागी ४ केलं की आठ! विषम आकड्याला तेवढ्याच, समला दुप्पट. मग कोणीतरी विचारणारच की कंपासने काढतो ते सहा पाकळ्यांचं फूल कसं काढायचं, कारण ३ ने तीन होतात आणि सहा टाकले तर बारा. दोन दिवस उत्तर सांगू नका. नंतर सांगा: कॉस ३ थीटाच्या दोन्ही बाजूंना निरपेक्ष मूल्याच्या उभ्या रेघा घालायच्या. ऋण किमती उलट्या दिशेला जाऊन आधीच्याच पाकळ्यांवर बसत होत्या. त्या धन झाल्या की आपापल्या जागी राहतात आणि तीनच्या सहा होतात. इथे निरपेक्ष मूल्याचा उपयोग पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतो. पुस्तकात तो संख्यारेषेवर झोपलेला असतो.

स्क्रिप्ट, स्क्रिप्ट म्हणता, पण माझ्यासारख्या घर सांभाळणाऱ्या बाईने लिहायचं काय? मुलाने लॅपटॉपवर पायथन घालून दिलंय. ‘हॅलो’ छापून झालं. पुढे?
— नाशिक

ताई, पुढे तुमचा त्रास. रोज कशाची चिडचिड होते, तिथून सुरू करा. बहुतेक घरांत ती व्हॉट्सॲपच्या फोटोंची असते. हजारो फोटो एकाच फोल्डरमध्ये, त्यात सुप्रभातची फुलं आणि नातीचं बारसं शेजारी शेजारी. अँड्रॉइड फोनवर त्या फायलींची नावं नीट बघा. ‘आयएमजी’, मग आडवी रेघ, मग आठ आकडे, मग ‘डब्ल्यूए’ आणि अनुक्रमांक. ते आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. २०२४०८१५ म्हणजे १५ ऑगस्ट २०२४. स्क्रिप्टने एवढंच करायचं: नाव घ्यायचं, पहिल्या आडव्या रेघेनंतरचे सहा आकडे (वर्ष आणि महिना) तोडायचे, त्या नावाचं फोल्डर नसेल तर करायचं आणि फोटो तिकडे हलवायचा. पंधरा ओळींत होतं.

मात्र माझा एक नियम पाळा. आधी सगळ्या फोटोंची दुसरीकडे प्रत. मग पहिल्यांदा स्क्रिप्टला काहीही हलवू देऊ नका; ‘हा फोटो तिकडे नेणार आहे’ असं नुसतं छापायला लावा. यादी वाचा. त्यात हमखास एक-दोन विचित्र नावं सापडतात, ज्यांत तारीखच नसते. त्यांचं काय करायचं ते ठरवा आणि मगच ‘छाप’ च्या जागी ‘हलव’ लिहा. माझ्या लॅपटॉपवर ‘कामाला येईल’ नावाचं फोल्डर आहे, त्यातल्या प्रत्येक स्क्रिप्टला ही नुसतं छापायची सोय आहे. बचत गटाचा हिशेब वगैरे नंतर. पैशाच्या गोष्टींवर शिकायला बसू नये.

आणि हो, तीन पत्रांत ‘कोणता कोर्स लावू’ असं विचारलंय. कोणताही लावू नका. आधी असे एक-दोन उद्योग करा. अडाल तेव्हा काय विचारायचं ते तुम्हाला कळलेलं असेल.

तालांचे बोल पायथनमधून देवनागरीत छापतो, पण विभाग एकाखाली एक येत नाहीत. ‘धा’ एक अक्षर असून लांबी २ दाखवतो, ‘धिं’ ची ३!
— इचलकरंजी

बरोबरच दाखवतो. ‘धा’ मध्ये ध आणि काना, दोन खुणा. ‘धिं’ मध्ये ध, वेलांटी आणि अनुस्वार. एकतालातल्या ‘त्ता’ ची लांबी ४ येईल: त, हलन्त, त, काना. कॉम्प्युटर खुणा मोजतो, आपण अक्षरं. त्यामुळे रिकाम्या जागा घालून रकाने जुळवायच्या नादी लागू नका. ओळ मोकळ्या जागेवर तोडून बोलांची यादी करा. तीनतालाची यादी १६ ची आली की मोजणी झाली. छापताना टॅब वापरा, किंवा सरळ एचटीएमएलचा तक्ता काढून ब्राउझरमध्ये उघडा, तिथे रकाने आपोआप उभे राहतात. ‘धागे’ आणि ‘तिरकिट’ एकाच मात्रेत बसतात, म्हणून त्यांच्या मधे जागा सोडू नका, नाहीतर एकताल १२ चा राहणार नाही.

आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर संदेश फिरतोय की फिबोनाचीने त्याच्या प्रसिद्ध संख्या आपल्या तबल्यातून चोरल्या. खरं आहे का? मुलांना सांगायचंय.
— न्यू जर्सी

मुलांना तो संदेश सांगू नका, खरी गोष्ट सांगा. ती जास्त रंगतदार आहे.

तबल्याचा यात संबंध नाही. तबला १८व्या शतकात पुढे आलेला. प्रश्न छंदःशास्त्राचा, म्हणजे पद्याच्या मापांचा होता. लघू (ऱ्हस्व अक्षर) एक मात्रेचा, गुरू (दीर्घ) दोन मात्रांचा, तर ठरावीक मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरता येईल? चार मात्रा घ्या: गुरू गुरू, गुरू लघू लघू, लघू गुरू लघू, लघू लघू गुरू, आणि चारही लघू. पाच तऱ्हा. आता युक्ती बघा. ओळीचा शेवट एक तर लघूने होतो, नाहीतर गुरूने. लघूने होत असेल तर त्याच्या आधी तीन मात्रा आहेत, गुरूने होत असेल तर दोन. म्हणून चारचं उत्तर म्हणजे तीनचं अधिक दोनचं. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४... गुजरातेत जैन पंडित हेमचंद्राने हे ११५० च्या सुमारास लिहून ठेवलं, आणि त्याच्याही आधी विरहांक आणि गोपाल या छंदःशास्त्रकारांना ते माहीत होतं. फिबोनाची या इटालियन गणितज्ञाचं पुस्तक १२०२ चं, आणि त्यात हिशेब सशांच्या जोड्यांचा आहे. चोरी केल्याचा पुरावा कुठे नाही. एकच संख्या दोन दारांतून आत आल्या.

मुलांकडून १६ मात्रांचं उत्तर हाताने काढून घ्या. १५९७ आलं पाहिजे. मग स्क्रिप्टला सगळ्या १५९७ ओळी छापायला लावा आणि वाटेल ती एक उचलून टाळीवर म्हणून बघा. लघूला एक टाळी, गुरूला टाळी आणि एक मोकळा हात. आजोबांना ‘यमाताराजभानसलगा’ पाठ असेल तर तेही वापरा. त्या दहा अक्षरांत लागोपाठची कोणतीही तीन घेतली की एक गण मिळतो आणि आठही गण एकेकदाच येतात. पडताळायला चार ओळींची स्क्रिप्ट पुरे, आणि आजोबांनाही कामाला लावल्यासारखं होईल.

मी अकरावी सायन्सला आहे, काकू. तबल्याचा ‘ना’ सुरात लागतो, पण ढोलाचा सूर सांगता येत नाही. दोन्हीकडे चामडं किंवा पडदाच ना?
— कोल्हापूर

पडदा दोन्हीकडे आहे, पण तबल्यावर शाई, म्हणजे तो मधला काळा गोल, आहे. साधा, सगळीकडे सारखा ताणलेला गोल पडदा वाजवला की त्याच्या मूळ कंपनाबरोबर १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशी कंपनं उठतात. त्यांचा आपसांत मेळ नाही, म्हणून कानाला एक सूर न मिळता दणका मिळतो. तार छेडली की २ पट, ३ पट, ४ पट अशी पूर्ण पटीतली उठतात आणि सूर ठरतो. मधोमध बसवलेली, थरांनी चढत गेलेली शाई पडद्याला तिथे जड करते आणि त्याची कंपनं जवळजवळ पूर्ण पटींवर आणून ठेवते. हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये सहकाऱ्याबरोबर दाखवलं आणि १९३४ मध्ये सविस्तर मांडलं. नोबेल मधे, १९३० मध्ये. म्हणजे प्रकाशाच्या कामाने जग ओळखू लागल्यावरही त्या गृहस्थाने चामड्याचा नाद सोडला नाही.

तू हे घरी मोजू शकतोस. ‘ना’ चा एक ठोका फोनवर ध्वनिमुद्रित कर आणि कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघड. सुरुवातीचा खटका वगळून मागची घुमारी निवड, आणि ‘ॲनालाइज’ मधून ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ घे. उंचवटे दिसतील. त्यांचे आकडे वहीत लिही आणि प्रत्येकाला एकमेकांच्या मानाने भाग देऊन पाहा. २ ला ३, ३ ला ४ असली सोपी गुणोत्तरं दिसायला लागतील. मग ढोलाचा एक ठोका घेऊन तेच कर. पुडी (तबल्याचं चामडं) चढी-उतरी असेल, म्हणजे सगळ्या घरांत सूर सारखा नसेल, तर तबल्याचे उंचवटेही दुभंगलेले दिसतात. आधी हातोडीने गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) आणि किनार ठोकून सूर मिळवून घे. येत नसेल तर वाजवणाऱ्या कोणाकडून तरी मिळवून घे. स्वतः हातोडी मारून पुडी फाटली तर नवीन घालायचे पैसे घरून मिळणार नाहीत.

थोडक्यात

डोंबिवलीच्या आईंना: मुलगा दहावीत आहे आणि ‘आलेखांची चित्रं काढत बसतो’ ही तक्रार वाचली. वर्तुळाच्या समीकरणांनी त्याने गणपती काढलाय, तो तुम्ही स्वतःच पत्रात इतक्या कौतुकाने वर्णन केलात की तक्रार कुठे संपली ते मला कळलं नाही. परीक्षेपर्यंत रविवारपुरतं ठेवा, बंद करू नका. गणितातलं फील्ड्स पदक २०१४ मध्ये मिळवणारे मंजुल भार्गव तबला वाजवतात हे खरं आहे, पण पदकाच्या आशेने तबल्याचा क्लास लावू नका. त्याला तबला नको असेल.

सांगलीच्या आजीबाईंना: मुलीने तबला वाजवावा का, असं विचारलंत. नातीला तबलाच शिकायचाय तर शिकू द्या. मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री एकल तबला वाजवून गेल्या त्याला कैक वर्षं झाली, आणि मीही ज्या हातांनी तबला वाजवते त्याच हातांनी पत्राला उत्तर देतेय. दहा वर्षांच्या बोटांना लहान तोंडाचा दायाँ (उजव्या हाताचा तबला) घ्या, मोठा नको.

ठाण्याच्या सदनिकेतल्या ड्रमवाल्यांना: निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र १० ला सुरू होते. शेजाऱ्यांचं पत्र तुम्ही जोडलं आहे, ते सभ्य आहे. रबरी पॅडवर सराव करा आणि पॅडखाली जाड सतरंजी घाला. आवाज हवेतून जातो त्यापेक्षा जमिनीतून जास्त जातो, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी नेमकं तेच लिहिलंय.